ओंडक्यापासून ढलपीपर्यंत

सोलापुरातून पुण्याच्या दिशेने निघाले की कोंडी आणि पाकणी मागे पडतात, मोहोळ तालुक्याची हद्द लागते आणि महामार्गालगत चिंचोळी एमआयडीसीच्या शेड दिसू लागतात. रसायने, कापड, गाड्यांच्या इंजिनांचे सुटे भाग असे बरेच काही इथे तयार होते. पाकणीला पेट्रोलियम कंपन्यांचे साठवणुकीचे डेपो आहेत आणि त्यांच्या टँकरांची ये-जा दिवसभर चालू असते. त्याच रस्त्यावर बाभळीच्या ओंडक्यांनी भरलेल्या ट्रॉल्याही वजनकाट्याकडे वळताना दिसतात. सोलापूरची चादर आणि टॉवेल रंगवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो आणि बॉयलरच्या पोटात कोळसा, बगॅसचे ब्रिकेट यांच्याबरोबर लाकूड आजही जाते. जे वखारीत उरते ते घराघरांत जाते.

घराघरांत म्हणजे गॅस नसलेल्याच घरांत नव्हे. उज्ज्वला योजना 1 मे 2016 रोजी सुरू झाली आणि खेड्यांतल्या बायकांचा धुराचा त्रास तिने खरोखर कमी केला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली 58.6 टक्के घरे स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरतात असे आढळले. पण असे सर्वेक्षण घरातले मुख्य इंधन विचारते. परसातल्या दुसऱ्या चुलीची, अंघोळीच्या पाण्याच्या बंबाची, लग्नाकार्यातल्या आचाऱ्याच्या भट्टीची गणती त्यात होत नाही. मालदांडी ज्वारीची भाकरी रोज दहा-पंधरा थापायची तर अनेक घरांत ती चुलीवरच होते आणि थंडीत सगळ्या घराचे पाणी बंबातच तापते. या दुसऱ्या चुलीविषयी फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून तिचे सरपण कसे असावे हेही कोणी सांगत नाही.

या प्रकरणाचा विषय लाकूड फोडण्याचे यंत्र हा आहे. ते घ्यावे का, घेतले तर कोणते आणि कोणी मिळून घ्यावे, हे पाहायचे आहे. पण यंत्राकडे जाण्याआधी लाकडातले पाणी समजून घ्यावे लागते, कारण यंत्राचा खरा उपयोग तिथेच आहे.

नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या लाकडात जवळपास निम्मे वजन पाण्याचे असू शकते. असे लाकूड चुलीत घातले की आधी ते पाणी उकळते आणि वाफ होऊन निघून जाते. त्यासाठी लागणारी उष्णता त्याच लाकडातून जाते. पूर्ण कोरडे लाकूड किलोमागे साधारण 4,400 ते 4,900 किलोकॅलरी उष्णता देते. बाभळीचा आकडा यात वरच्या टोकाला आहे. तिच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडासाठी 4,800 आणि गाभ्यासाठी 4,950 किलोकॅलरी असे आकडे वनशास्त्राच्या पुस्तकांत दिलेले असतात. प्रत्यक्षात पूर्ण कोरडे लाकूड कोणाच्याच घरी नसते. चांगल्या वाळलेल्या लाकडातही वीस टक्क्यांच्या आसपास पाणी राहते आणि त्यातून हाती लागणारी उष्णता किलोमागे 3,400 च्या घरात असते. निम्मे पाणी असलेले लाकूड 1,900 सुद्धा धड देत नाही. शिवाय ओल्या लाकडाची आच मंद असते, धूर अर्धवट जळतो आणि तो भिंतीवर, भांड्यावर आणि फुंकणी फुंकणाऱ्या बाईच्या छातीत बसतो.

हे आकडे सिलिंडरशी ताडून पाहावेत. 14.2 किलोच्या घरगुती सिलिंडरमध्ये दीड लाख किलोकॅलरीच्या आसपास उष्णता असते आणि गॅसची शेगडी तिच्यातली साठ टक्क्यांहून थोडी जास्त भांड्याला देते. तीन दगडांची किंवा मातीची साधी चूल दहा-बारा टक्केच देते. हिशेब केला तर एका सिलिंडरचे काम साध्या चुलीवर करायला सव्वादोनशे ते पावणेतीनशे किलो वाळलेले लाकूड लागते. लाकूड ओले असेल तर हा आकडा दुपटीवर जातो. म्हणजे जी बाई ओले सरपण डोक्यावरून आणते, ती निम्मी मोळी पाण्याची वाहते.

बंबाचा हिशेब चुलीपेक्षा बरा निघतो. साठ लिटर पाणी वीस अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर न्यायला 1,500 किलोकॅलरी लागतात. निम्मी उष्णता वाया गेली असे धरले तरी किलोभर वाळके लाकूड पुरते. बंबाची नळी पाण्याच्या मधून जाते, ज्वाळेच्या चारही बाजूंनी पाणी असते, म्हणून तो चुलीपेक्षा काटकसरीने जळतो. मात्र नळीचे तोंड लहान असते. त्यात जाड लाकूड जात नाही, कोंबले तर हवा कोंडते आणि ते धुमसत राहते. मनगटापेक्षा बारीक, हातभर लांब अशा ढलप्याच बंबाला हव्या असतात.

लाकूड का फोडायचे याची दोन कारणे इथे एकत्र येतात. पहिले जळण्याचे: ज्वाळेला पृष्ठभाग लागतो आणि फोडल्याने तो वाढतो. दुसरे, जास्त महत्त्वाचे, वाळण्याचे. झाडाची साल पाणी आत राखण्यासाठीच बनलेली असते. अखंड ओंडक्यातले पाणी दोन्ही कापलेल्या टोकांतून हळूहळू बाहेर पडते. बाजूने जवळजवळ पडतच नाही. त्याच ओंडक्याच्या चार ढलप्या केल्या की आतले ओले लाकूड थेट हवेला लागते. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात फोडलेल्या ढलप्या एका मोसमात वाळतात. न फोडलेला जाड ओंडका दुसऱ्या पावसाळ्यातही आतून ओलाच सापडतो, वरून तो कितीही राखाडी आणि भेगाळलेला दिसला तरी.

भेगांवरून आठवले. वाळत्या ओंडक्याच्या टोकाला गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या ताऱ्यासारख्या भेगा पडतात. लाकूड आकसते तेव्हा वाढीच्या वलयांच्या दिशेने ते जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याकडून सालीकडे आकसते. हा फरक सहन न होऊन ते त्रिज्येच्या रेषेत फाटते. लाकडाचे तंतू उभे, एकमेकांना चिकटून असतात. त्यांना तोडणे अवघड, पण एकमेकांपासून अलग करणे त्या मानाने कितीतरी सोपे. म्हणून करवतीला घाम काढणारा ओंडका पाचरीच्या एका घावात दुभंगतो. लाकूड फोडणारा जाणता माणूस आधी टोकाची भेग पाहतो आणि कुऱ्हाड तिच्या रेषेत घालतो. गाठ जिथे असेल ती बाजू तो टाळतो, कारण गाठ म्हणजे खोडात शिरलेली फांदी. तिचे तंतू आडवे गेलेले असतात.

झाडाझाडांत याबाबत फार फरक आहे आणि यंत्र घेण्याचा निर्णय बराचसा त्यावर अवलंबून ठेवावा. बाभूळ ओली असताना सरळ फुटते. वाळली की कुऱ्हाड उसळवून लावते. तिच्या लाकडाची औते, गाडीचे भाग आणि अवजारांचे दांडे पिढ्यान्‌पिढ्या झाले ते याच चिवटपणामुळे. म्हणून बाभूळ तोडल्यावर महिन्याभरात फोडावी. सुबाभूळ सोपी. निलगिरीचे तंतू पीळ घेत जातात, तिची ढलपी सरळ निघत नाही. तीही ओली असतानाच हाताळावी. लिंबाचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. चिंच तर सगळ्यांत कठीण. खाटकाचा ठोकळा चिंचेचा करतात, कारण हजारो घाव घालूनही तो दुभंगत नाही. चिंचेचा बुंधा हाताने फोडायच्या फंदात पडू नये.

आणि वेडी बाभूळ. अमेरिका खंडातून आलेले हे झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात लावले गेले आणि कोरड्या प्रदेशांत माजले. सोलापूर जिल्ह्यात ओढ्याकाठी, कालव्याच्या भरावावर, पडीक रानात तेच दिसते. जळते उत्तम. पण त्याच्या फांद्या मनगटाएवढ्या, वाकड्या आणि काटेरी असतात. त्यांना फोडायची गरजच नसते; लांबीला कापल्या की झाले. ज्या घराचे सरपण मुख्यतः वेडी बाभूळ, तुराट्या आणि पऱ्हाट्या यांचे आहे, त्या घराने लाकूड फोडण्याच्या यंत्राचा विचार करू नये. त्याला चांगली करवत हवी, आणि काटे साफ करायला कोयता.

यंत्र लागते ते जाड खोडांना: बांधावरची जुनी बाभूळ, रस्तारुंदीत पडलेले लिंब, वादळात उन्मळलेला आंबा. अशा खोडावर वखारीतला मजूर घण आणि लोखंडी पाचरी घेऊन बसतो आणि दिवसअखेर त्याचे खांदे भरून येतात. हे काम करणारी माणसे आता कमी होत चालली आहेत, कारण एमआयडीसीतले पाळीचे काम, त्यात कष्ट असले तरी, या कामापेक्षा सुसह्य आहे. त्यांनी ते निवडले यात काही चूक नाही. घण मारण्याचे काम माणसाकडून काढून यंत्राला द्यावे, असे मला मनापासून वाटते.

यंत्राचे तत्त्व जुने आहे. बंद जागेतल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो हे पास्कलने सतराव्या शतकात दाखवले आणि जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने 1795 मध्ये त्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. जेसीबीचा हात, ट्रॅक्टरची ट्रॉली उलटवणारा जॅक, साखर कारखान्यात उसाच्या गाड्या रिकाम्या करणारा टिप्पर हे सगळे त्याच तत्त्वावर चालतात. लाकूड फोडण्याच्या यंत्रात एक मजबूत लोखंडी बीम असते, तिच्या एका टोकाला पाचर आणि दुसऱ्या टोकाला हायड्रॉलिक सिलिंडर. मोटर किंवा इंजिन पंप फिरवते, पंप तेल ढकलतो, तेल पिस्टनला आणि पिस्टनचा दांडा ओंडक्याला पाचरीवर रेटतो.

जोर किती मिळेल हे दोन आकड्यांवरून काढता येते. सिलिंडरचा आतला व्यास 100 मिलिमीटर असेल तर पिस्टनचे क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर होते. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 200 किलो असेल तर जोर साडेपंधरा टनांच्या पुढे जातो. विक्रेता वीस टनांचे यंत्र म्हणून सांगत असेल तर हा गुणाकार त्याच्यासमोर करून पाहावा. सिलिंडरचा व्यास आणि पंपाचा दाब विचारल्याशिवाय टनाच्या आकड्याला अर्थ नाही. घरगुती, पाच-सात टनांची छोटी विजेची यंत्रे वीतभर जाडीच्या सरळ लाकडाला पुरतात. बाभळीच्या गाठाळ बुंध्याला पंधरा टनांखाली जाऊ नये.

जोराइतकाच वेग महत्त्वाचा आहे, आणि इथे बरेच ग्राहक फसतात. तीन अश्वशक्तीची मोटर एवढा दाब देत असताना मिनिटाला जेमतेम साडेपाच-सहा लिटर तेल ढकलू शकते. त्या तेलाने वर सांगितलेला पिस्टन सेकंदाला एक-सव्वा सेंटिमीटरच सरकतो. दोन फुटी ओंडका पार करायला पाऊण मिनिटाहून जास्त, परत यायला आणखी वेळ. यावरचा उपाय दोन टप्प्यांचा पंप. ओंडक्याला टेकेपर्यंत दाब लागत नाही, तेव्हा तो भरपूर तेल कमी दाबाने देतो आणि दांडा झपाट्याने पुढे येतो. लाकूड अडले की आपोआप कमी तेल, जास्त दाब. लाकूड एकदा चिरले की पुन्हा दाब उतरतो आणि वेग वाढतो. मोटर तीच, पण काम तिप्पट-चौपट. पंप एका टप्प्याचा की दोन, हा प्रश्न विकत घेताना पहिल्यांदा विचारावा.

घरी ट्रॅक्टर असेल तर वेगळी मोटर न घेता ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक लाइनला जोडता येणारे यंत्र बरे. शेतावर विजेच्या वेळा अनेकदा रात्रीबेरात्रीच्या असतात, आणि अंधारात लाकूड फोडणे कोणी करू नये.

बाजारात आणखी एक प्रकार स्वस्तात मिळतो: फिरणारा, आटे असलेला लोखंडी शंकू. ओंडका त्याच्यावर टेकवला की शंकू आत शिरत जातो आणि लाकूड फाटते. तो वेगवान आहे, त्याला तेल लागत नाही, दुरुस्ती फार नाही. तरीही माझा सल्ला स्पष्ट आहे: घरच्या कामाला तो घेऊ नये. लाकूड शंकूत अडकले की ते स्वतःच गरगर फिरू लागते, आणि पदर, ओढणी, सदऱ्याची बाही किंवा हातमोजा एकदा त्या आट्यांत गेला की हात बाहेर काढायला वेळ मिळत नाही. आपल्याकडे हे काम घरातल्या साडीतल्या, ओढणीतल्या बायका आणि शाळा सुटलेली मुले करतात. त्यांच्यासमोर असे यंत्र ठेवणे मला मान्य नाही.

पाचरीचे हायड्रॉलिक यंत्र त्या मानाने सुरक्षित, पण तेही बोटे घेते. अपघात बहुधा दोन माणसे काम करतात तेव्हा होतो: एक ओंडका धरतो, दुसरा लिव्हर ओढतो, आणि दुसऱ्याला पहिल्याचे बोट दिसत नाही. युरोपात ईएन 609 या मानकात यावर उपाय आहे: यंत्र चालवायला दोन्ही हात दोन वेगळ्या दांड्यांवर असावे लागतात, एक हात सुटला की पिस्टनचा दांडा थांबतो. म्हणजे चालवणाऱ्याचा हात पाचरीजवळ जाऊच शकत नाही. आपल्याकडे बनवून घेतलेल्या यंत्रात ही सोय सहसा नसते. करून घ्यावी, दोन लिव्हर आणि थोडी जोडणी एवढाच तिचा खर्च आहे. ज्याचा हात लिव्हरवर, त्यानेच ओंडका ठेवायचा, हा नियम घरात सगळ्यांना सांगून ठेवावा. डोळ्यांवर गॉगल आणि पायात बूट हवेत, चप्पल चालत नाही.

एक धोका कमी लोकांना माहीत असतो. होज पाइपला टाचणीएवढे छिद्र पडले तर त्यातून उडणारी तेलाची धार दिसतही नाही, पण ती कातडी भेदून आत शिरते. जखम मुंगी चावल्यासारखी दिसते, आणि आत मांस सडू लागते. गळती शोधायला हात कधी फिरवू नये, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा. तेल कातडीत गेले अशी शंका जरी आली तरी त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात जावे आणि काय घडले ते डॉक्टरांना नीट सांगावे.

आता मालकीचा प्रश्न. पाच माणसांचे कुटुंब पूर्ण चुलीवर अवलंबून असेल तर त्याला वर्षाला दीड-दोन टन लाकूड लागते. गॅस असेल तर त्यापेक्षा कितीतरी कमी. बरे यंत्र दोन टन लाकूड एका दिवसात फोडते. उरलेले वर्षभर ते गोठ्यात धूळ खात उभे राहील, सील सुकतील, दांड्याला गंज चढेल. एका घराने असे यंत्र घेणे म्हणजे पैसे अडकवणे आहे. मळणी यंत्राचे आपण काय करतो ते पाहावे. ते गावात एकाकडे असते, सुगीत रानोरान फिरते आणि पोत्यामागे पैसे घेते. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत अवजार बँका निघाल्या त्या याच विचाराने. लाकूड फोडण्याचे यंत्र बचत गटाने, अवजार बँकेने किंवा वखारवाल्याने चाकांवर ठेवावे, फेब्रुवारी-मार्चमध्ये वस्त्यावस्त्यांवर न्यावे आणि तासावर भाडे घ्यावे. असे भाडे घरांना परवडते आणि यंत्रही राबते राहते. ज्याच्याकडे धाबा, मंगल कार्यालय किंवा हुरडा पार्टीचा मळा आहे, त्याने स्वतःचे घेतले तरी चालेल.

आणि यंत्र बनवून कुठे घ्यायचे, तर चिंचोळीसारख्याच ठिकाणी. औद्योगिक वसाहतीच्या आसपास सिलिंडरचे सील बदलणारे, होज पाइप क्रिम्प करून देणारे, जाड प्लेट कापून वेल्डिंग करणारे लोक असतात. लाकूड फोडण्याच्या यंत्रात असा एकही भाग नाही जो त्यांच्या हाताखालून रोज जात नाही. परदेशी बनावटीचे देखणे यंत्र घेतले आणि त्याचा व्हॉल्व्ह गेला तर महिने वाट पाहावी लागते. इथे बनवलेल्या यंत्राचा व्हॉल्व्ह दुसऱ्या दिवशी मिळतो. बनवून घेताना बीम कमी जाडीची घेऊ देऊ नये, कारण पंधरा टनांचा जोर शेवटी तिच्यावरच येतो. ती वाकली की पाचर तिरकी होते आणि ओंडका उडतो. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ न देणारा रिलीफ व्हॉल्व्ह असलाच पाहिजे. मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे जातो तिथे पातळ तेल आणखी पातळ होते. 46 ऐवजी 68 ग्रेडचे हायड्रॉलिक तेल वापरावे. काम संपल्यावर दांडा पूर्ण आत घेऊन ठेवावा. बाहेर राहिलेल्या दांड्यावर धूळ आणि गंज बसतो, आणि तोच पुढच्या वर्षी सील कापतो.

चिंचोळीसारख्या ठिकाणी सरपणाचा आणखी एक स्रोत आहे, त्याविषयी सावध करणे माझे काम आहे. कारखान्यांत यंत्रे आणि कच्चा माल लाकडी पॅलेटवर, खोक्यांत येतो. मोडके पॅलेट कामगार घरी नेतात. ते कोरडे असतात, फोडायला सोपे असतात, पेटतातही चटकन. पण परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह आणि इंग्रजी अक्षरांचा शिक्का असतो. त्यात एचटी असेल तर ते लाकूड कीड मारण्यासाठी फक्त तापवलेले आहे: गाभ्यापर्यंत 56 अंश, अर्धा तास. एमबी असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते चुलीत घालू नये. शिक्का काहीही असो, ज्या पॅलेटवर रसायनाचे पिंप ठेवलेले होते, ज्यावर डाग आहेत किंवा रंग आहे, ते घरी आणूच नये. प्लायवुड आणि दाबून केलेल्या फळ्यांत चिकटवणीचा गोंद असतो, त्यांचा धूर बंद खोलीत अपायकारक. भाकरी त्या धुरावर भाजली जाते हे ध्यानात ठेवावे.

धुराच्या बाबतीत जगभर नियम कडक होत आहेत. इंग्लंडमध्ये 1 मे 2021 पासून घरगुती जळणाचे लाकूड थोडक्या प्रमाणात विकायचे तर त्यात वीस टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना आणि भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. खेड्यातल्या परसातल्या चुलीवर असा नियम उद्याच येणार नाही, आणि येऊही नये. पण वाळलेले लाकूड विकत मागण्याचा हक्क गिऱ्हाईकाला आहे. वखारीत वजनावर लाकूड घेताना ओल्या लाकडाचे पैसे म्हणजे पाण्याचे पैसे. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून पाहाव्यात. वाळलेल्या असतील तर खणखणीत वाजतात, ओल्या असतील तर बद्द. ओलावा मोजायचे छोटे मीटर असेल तर ते ढलपीच्या वरच्या अंगाला लावू नये. ढलपी ताजी फोडून आतल्या बाजूला लावावे.

तोडण्याआधी कायदा पाहावा. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याच्या यादीत चिंच, आंबा, जांभूळ, मोह, साग, खैर, चंदन ही झाडे आहेत. स्वतःच्या शेतातली असली तरी ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शहरांत 1975 चा वृक्ष संरक्षणाचा कायदा लागू होतो. एमआयडीसीच्या भूखंडावरच्या झाडाला हात लावण्याआधी महामंडळाच्या कार्यालयात विचारावे. आणि जिथे झाड न तोडता भागते तिथे तोडूच नये. डॉ. आनंद कर्वे यांनी 1996 मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या आरती या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत विकसित केली आणि त्यासाठी तिला 2002 मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. सोलापूर उसाचा जिल्हा आहे, पाचट रानात पेटवून दिले जाते. मी तरी शक्य तिथे आधी पाचट, तुराट्या, धसकटे संपवा असेच म्हणेन, बाभूळ त्यानंतर.

फोडलेले लाकूड रचण्याची पद्धत साधी आहे, पण ती पाळली नाही तर यंत्राचा सगळा खर्च फुकट जातो. काळ्या जमिनीवर थेट रचले तर महिन्यात वाळवी लागते; खाली दगड किंवा विटांच्या दोन ओळी घालाव्यात. रास घराच्या भिंतीला टेकवू नये, हातभर अंतर ठेवावे, कारण विंचू आणि सापांना अशी जागा आवडते. ढलप्या सालीची बाजू वर करून, मधून वारा जाईल अशा रचाव्यात. उन्हाळाभर वर काही घालायची गरज नाही. पावसाआधी फक्त वरची बाजू पत्र्याने झाकावी. चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळली तर आत वाफ धरते आणि वाळलेले लाकूड बुरशी धरते. सोलापूरला खरा जोराचा पाऊस सप्टेंबरमध्ये येतो, तेव्हा पत्रा उडाला नाही ना हे पाहावे.

वेळापत्रक असे ठेवा: संक्रांतीच्या सुमारास तोड, शिवरात्रीपर्यंत फोडून रचणे, 7 जूनच्या मृगाआधी झाकणे, आणि दिवाळीनंतर त्यातले पहिले लाकूड बंबात. यंत्र भाड्याने घ्यायचे असेल तर गावातल्या दहा-बारा घरांशी आत्ताच बोलून फेब्रुवारीतली तारीख ठरवा. पावसाळ्यात फोडलेले लाकूड त्याच हिवाळ्यात जाळू नका, ते पुढच्या वर्षासाठी ठेवा.